आत्ती ‘हळू’ म्हणत नव्हत्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

२१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो आणि त्याच्या आसपास दरवर्षी पेपरात लेख येतात, किल्ल्या विसरल्या, रस्ता विसरला, मुलांची नावं विसरली वगैरे. सगळं खरं आहे. पण आमच्या घरात सहा वर्षं झाली डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार), आहे आणि एक गोष्ट मला त्या लेखांत कधी नीट वाचायला मिळाली नाही, ती ही की या माणसांना दुखतं. तुमच्याआमच्याइतकंच दुखतं, फक्त सांगता येत नाही. पत्र जरा लांबलंय पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

मी निपाणीची. डी. फार्म केलंय, घरच्याच मेडिकल दुकानात २२ वर्षं काउंटरवर बसते. म्हणजे गोळ्याऔषधांतलं काही कळत नाही असं मला म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच जे झालं ते जास्त लागलं.

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. वय ७९, माहेर गोकाककडचं, कन्नड. सतराव्या वर्षी लग्न होऊन निपाणीला आल्या आणि तेव्हापासून मराठीच, भांडायच्या पण मराठीत आणि ओव्या पण मराठीत. विड्या वळून तीन पोरं शिकवली त्यांनी. आता बोलणं जवळजवळ गेलंय, दिवसाला दहाबारा शब्द. पण हात थांबत नाहीत. मांडीवरच्या चादरीचा काठ घ्यायचा, पान असल्यासारखा सरळ करायचा, त्यात नसलेली तंबाखू चिमटीनं सोडायची, वळायचं, टोक नखानं दुमडायचं आणि नसलेला दोरा गुंडाळायचा. दिवसभर हेच चालतं, पाहुणे आले की बघत बसतात.

मागच्या उन्हाळ्यात त्या एकदम बदलल्या. जेवण भरवताना तोंड फिरवायच्या, घास बाहेर काढायच्या, एकदा माझ्या हाताला चावल्या. रात्री दोन-तीनला उठून ओरडायच्या. ताक दिलं की वाटी भिरकावून द्यायच्या, आणि ताक म्हणजे त्यांचा जीव, मग तर आम्हाला खात्रीच पटली की आजार वाढला. भरवताना त्या म्हणायच्या, हळू, हळू. मी म्हणायची, हळूच भरवतेय आत्ती, आणखी हळू भरवू का? मी चमचा छोटा केला, भात आणखी मऊ केला, एकेका घासाला पाच मिनिटं थांबायला लागले, तरी तेच. हळू, हळू, आणि डोळ्यात पाणी.

डॉक्टरांकडे नेलं. चार मिनिटांत तपासून त्यांनी शांत राहायची गोळी लिहून दिली. मीच माझ्या दुकानातून ती काढली, मीच कुस्करून मधातून दिली. ओरडणं थांबलं. त्या दिवसभर झोपायला लागल्या, तोंडातून लाळ गळायची, पाय ओढत चालायच्या आणि अकराव्या दिवशी बाथरूमच्या दारात पडल्या. नशीब हाड मोडलं नाही. आणि त्या काळात चादरीवरचे हात पण थांबले होते. ते माझ्या डोळ्यासमोर होतं, पण मला वाटलं गोळीनं सुस्ती आली असेल. आता आठवून बघते तर हात गोळीच्या आधीच, जेवणाचा त्रास सुरू झाला त्याच आठवड्यात थांबलेले.

आमच्याकडे मदतीला येणारी बाई रायबाग भागातली, घरात कन्नडच बोलते. ती महिनाभर गावी गेलेली, परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी भरवत असताना ती शेजारी उभी होती. ऐकलं आणि म्हणाली, अक्का, अज्जी हळू म्हणत नाहीत, हल्लु म्हणतात. हल्लु म्हणजे दात.

मी चमचा खाली ठेवला. मोबाईलचा टॉर्च लावला, ती आत्तींचा हात धरून कन्नडमध्ये काहीतरी हळुवार बोलत बसली, आणि आत्तींनी माझ्यासाठी महिन्याभरात पहिल्यांदा तोंड उघडलं. खालच्या डाव्या बाजूची शेवटची दाढ तुटून नुसतं मूळ राहिलेलं, भोवतीची हिरडी लाल आणि टम्म सुजलेली, बोट लावल्यावर पू आला. महिनाभर त्या माणसाच्या तोंडात गळू होतं आणि मी त्याच बाजूनं भात भरत होते.

दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. अँटिबायोटिक दिलं, ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल दिली, सूज उतरल्यावर मूळ काढलं. मूळ काढून चार दिवस झाले आणि सकाळी मी चहा घेऊन गेले तर आत्ती चादरीचा काठ हातात घेऊन बसलेल्या, वळत होत्या. शांत राहायची गोळी डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करून बंद केली. (अशी गोळी कुणी आपल्या मनानं एकदम बंद करू नका, हे मुद्दाम लिहितेय.)

त्यानंतर मी जेवढं मिळेल तेवढं वाचलं. आणि कळलं की हे फक्त आमच्या घरात झालेलं नाही, हे जगभर होतं आणि बरीच वर्षं माहीत पण आहे.

आधी समज असा होता की मेंदू झिजला की दुखणं पण कमी जाणवत असेल. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना अंगठ्याच्या नखावर दाब देऊन त्याच वेळी मेंदूचं स्कॅन केलं, तर दुखण्याची जी जाळी मेंदूत पेटते ती त्यांच्यातही तशीच पेटलेली दिसली, कमी नाही. २०२० मध्ये दुखण्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं वेदनेची व्याख्या सुधारली त्यात स्पष्ट लिहिलंय की बोलून सांगणं हा दुखणं दाखवायच्या अनेक पद्धतींपैकी एक आहे, सांगता येत नाही म्हणजे दुखत नाही असं नाही.

तरी काय होतं बघा. अमेरिकेत २००० साली एक अभ्यास छापून आला, खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांचा. मोडलेलं हाड तेच, पण डिमेन्शिया खूप वाढलेल्यांना मॉर्फिनसारखं औषध मिळालं ते शुद्धीत बोलणाऱ्यांच्या फक्त एक तृतीयांश. मला वाचताना माझे खानापूर तालुक्यातले मामा आठवले. पडून खुबा मोडला, ऑपरेशन झालं, वॉर्डात गप्प पडून असायचे. सगळे म्हणायचे किती शांत आहेत. कूस बदलताना ते मुठी आवळायचे आणि दात खायचे, ते मी स्वतः बघितलेलं. कुणाला दोष देत नाही, आम्ही पण तिथंच होतो आणि आम्ही पण शांत आहेत असंच म्हणत होतो.

आणि दुसरा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो तो नॉर्वेचा, २०११ चा, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला. १८ नर्सिंग होम, ३५२ माणसं, सगळ्यांना मध्यम ते तीव्र डिमेन्शिया आणि सगळ्यांचा चिडचिडीचा, ओरडण्याचा, मारण्याचा त्रास. अर्ध्या ठिकाणी नेहमीचे उपचार चालू ठेवले आणि अर्ध्या ठिकाणी ८ आठवडे पायरीपायरीनं दुखण्याचे उपचार केले. पहिली पायरी काय तर साधी पॅरासिटामॉल, ठरलेल्या वेळी, दिवसाला जास्तीत जास्त ३ ग्रॅम. बहुतेकांना तेवढ्यावरच भागलं. चिडचिड १७ टक्क्यांनी कमी झाली, आणि ८ आठवड्यांनी उपचार थांबवल्यावर ती परत वाढली. म्हणजे ज्याला आपण ‘आजार वाढला’ म्हणतो त्यातला काही भाग दुखणंच असतं.

दुकानात रोज कुणीतरी येतं. आजी रात्रभर ओरडतात, झोपेचं काहीतरी द्या. बाबा अंगावर धावून येतात, शांत करायचं काहीतरी द्या. आधी मी चिठ्ठी आणा एवढंच सांगायची. आता विचारते, संडास कधी झाली? लघवीला जळजळ, वास, सारखं जाणं असं काही आहे का? दात बघितलेत? कवळी घट्ट होतेय का? टाचा आणि माकडहाड बघितलंत का, लाल झालंय का? गुडघे आधी दुखायचे का? लोक चकित होतात. म्हणतात, दुखायचे हो, पंधरा वर्षं दुखत होते, पण हल्ली काही बोलत नाहीत. हल्ली बोलत नाहीत म्हणजे गुडघे बरे झाले असं कसं होईल? पंधरा वर्षांची संधिवाताची गोळी डिमेन्शिया झाल्यावर बंद झालेली मी कितीतरी घरांत बघितलीय, कुणी बंद केली तर कुणीच नाही, मागितली नाही म्हणून दिली नाही.

आमच्या भागातल्या विडी कामगार बायकांचं तर वेगळंच. चाळीस चाळीस वर्षं मांडी घालून, मान खाली घालून बसलेल्या, मजुरी हजार विड्यांवर, मान वर केली तर हजार भरत नाही. कंबर, मान, बोटांचे सांधे सगळं झिजलेलं. आणि दुखतंय म्हणायची सवयच नाही, शुद्धीत होत्या तेव्हा पण नव्हती. त्या आता म्हाताऱ्या झाल्यात, काही जणी विसरायला लागल्यात, आणि त्या सांगतील म्हणून आपण वाट बघत बसलोय.

मग ओळखायचं कसं? अमेरिकेत २००३ मध्ये ‘पेनॅड’ नावाची एक पट्टी तयार केली, घरातल्या माणसालाही वापरता येते. पाच गोष्टी बघायच्या. श्वास कसा चाललाय, तोंडातून कण्हणं-विव्हळणं-ओरडणं काय येतंय, चेहरा कसा आहे, अंग सैल आहे का आवळलेलं, आणि जवळ घेतलं, बोललं तर शांत होतात का. प्रत्येकाला ० ते २ मार्क, सगळे मिळून १०. आकडा थर्मामीटरसारखा पक्का नसतो, पण काल ६ होता आणि गोळी देऊन तासाभरानं २ झाला तर ते डॉक्टरांना सांगायला फार उपयोगी पडतं. मी वहीत लिहिते, वेळ घालून.

फक्त एक चूक मी सुरुवातीला केली ती सांगते. मी आत्ती पलंगावर निवांत असताना बघायची आणि शून्य लिहायची. दुखणं हलताना कळतं. कूस बदलताना, ब्लाऊजच्या बाहीत हात घालताना, आंघोळीला पाय उचलताना कपाळाला आठी पडते का, ओठ आवळतात का, तुमचा हात ढकलतात का, ते बघायचं. आणि प्रत्येक माणसाचं आपलं एक असतं जे पट्टीत नसतं. आत्तींचं विड्या वळणं थांबणं हे तसलं आहे, ते जगात कुठल्याच कागदावर सापडणार नाही, ते फक्त मला आणि त्या बाईला माहीत. आमच्या गल्लीतले एक आजोबा दुखलं की रेडिओ बंद करायला लावतात, एरवी दिवसभर चालू. ओरडणाऱ्याकडे निदान लक्ष जातं, गप्प झालेल्याकडे जात नाही.

अजून बोलता येत असेल तर विचारायचं, विचारायचं सोडू नका. पण नुसतं ‘दुखतंय का’ विचारून भागत नाही. आत्ती ‘दुखतंय का’ला कायम नाही म्हणायच्या. ठणकतंय का, कळ येते का, आग होते का, टोचतंय का, भरून आलंय का, असं एकेक विचारलं की मान हलायची. आणि ‘आत्ता’ विचारायचं, काल रात्री दुखलं का हे त्यांना आठवणारच नाही. त्या जागेवर आपला हात ठेवून विचारायचं आणि उत्तराला वेळ द्यायचा, माझा अनुभव असा की कधीकधी अर्धा मिनिट लागतो.

आता डॉक्टर मंडळींना हात जोडून एक विनंती आहे. चिठ्ठीवर दुखण्याच्या गोळीपुढे ‘एसओएस’ लिहू नका. एसओएस म्हणजे लागेल तेव्हा, म्हणजे पेशंटनं मागितली तर. जो माणूस पाणी मागू शकत नाही तो गोळी काय मागणार? मी दुकानात अशा चिठ्ठ्या बघते आणि मला माहीत असतं की ही स्ट्रिप तशीच्या तशी पडून राहणार. दुखणं आहे असं वाटत असेल तर वेळ लिहा, सकाळ दुपार रात्र, किती दिवस ते लिहा आणि पुन्हा कधी बघणार ते लिहा.

आणि घरच्यांना, पॅरासिटामॉल साधी गोळी आहे म्हणून मनानं वाढवू नका. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल, खाणं कमी झालं असेल तर डोस कमी लागतो, आणि सर्दीच्या, अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांत ती आधीच मिसळलेली असते, नकळत दुप्पट जाते. दुसरी गोष्ट डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक असल्या दुखण्याच्या गोळ्या. आपल्याकडे लोक शेंगदाण्यासारख्या मागतात, पण म्हाताऱ्या माणसात त्यानं किडनी बिघडते, पोटात रक्तस्राव होतो, बीपीच्या आणि लघवी जास्त व्हायच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी. आणि शांत करायच्या ज्या अँटिसायकोटिक गोळ्या आहेत त्यांच्याबद्दल अमेरिकेच्या औषध खात्यानं २००५ मध्येच ताकीद दिलीय की डिमेन्शिया असलेल्या म्हाताऱ्या माणसात त्यानं मृत्यूचं प्रमाण वाढतं. कधी त्या लागतातच, मी नाही म्हणत नाही, पण आधी दात, पोट, लघवी, सांधे, कातडी बघून झाल्यावर. आणि एकदोन दिवसांत माणूस एकदम बदलला, ताप आहे, गुंगीत आहे, तर घरी प्रयोग न करता सरळ दवाखाना गाठा.

शेवटचं भाषेचं. आमच्या बेळगाव जिल्ह्यात भाषा म्हटलं की लोक लगेच सावरून बसतात, दोन्हीकडचे. मला त्या वादात काही बोलायचं नाही. पण डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी सुटते आणि लहानपणीची मागे राहते, हे दोन-तीन भाषांच्या मुलखात सगळ्या डॉक्टर-नर्सना माहीत असायला पाहिजे. आमच्या घरात साठ वर्षांची मराठी गेली आणि गोकाकचं कन्नड वर आलं. तुमच्या घरात उलटं असेल, मराठी आजी आणि कन्नड नर्स. आजी ‘कळ येते’ म्हणणार, आणि नर्सला ते काय कळणार? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी, इथला एकही वॉर्ड असा नसेल जिथं हे होत नाही. माझी मागणी फार छोटी आहे, केसपेपरवर एक ओळ वाढवा, ‘पेशंटची लहानपणीची भाषा कोणती आणि दुखण्याला घरात कुठला शब्द वापरतात’. घरच्यांनी पण दाखल करताना स्वतःहून सांगा, कुणी विचारलं नाही तरी.

मी आणि आमच्या बाईनं मिळून एक कागद केलाय, एका बाजूला मराठी आणि एका बाजूला कन्नड, दोन्ही लिप्यांत. नोवु म्हणजे दुखणं, पण आमच्या भागात जास्त करून ब्यानी म्हणतात. हल्लु दात, होट्टी पोट, तली डोकं, सोंटा कंबर, कालु पाय, उरी आग. खाली पेनॅडच्या पाच गोष्टी आणि त्याच्या खाली मोकळी जागा, ‘आमच्या माणसाचं दुखणं असं दिसतं’ लिहायला. दुकानात काउंटरवर गठ्ठा ठेवलाय, कुणीही न्यावा, पैसे नाहीत. आपल्या पेपरात चौकट करून छापलात तर आणखी घरांत जाईल, हवा असेल तर मी टाईप करून पाठवते.

आमची बाई दिवाळीनंतर लेकीच्या बाळंतपणाला जाणार आहे, तीन महिने तरी येणार नाही. नवीन येईल तिच्यासाठी आत्तींचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. मोकळ्या जागेत तिनंच जाण्याआधी आपल्या हातानं लिहिलंय, अज्जी विडी वळायच्या थांबल्या की आधी तोंड बघा, मग पोट.

आपली नेहमीची वाचक,
एक सून, निपाणी